एकच पाट

नातीचं लग्न परदेशात करायचं ठरलं, तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं ते हे, "कशाला? इथले हॉल जळाले का?"

आम्ही तमिळ मुलखात, अण्णा नगरला राहत होतो. मी, धाकटी सून आणि नात. नवरा कारखान्यातल्या नोकरीसाठी मला लग्नानंतर इथे घेऊन आला आणि मी इथलीच झाले. शाळा चौथीपर्यंत. तमिळ भाजीबाजारात शिकले, तेवढं मला आयुष्यभर पुरलं.

नात ऑफिसातून रंगीत कागद छापून आणायची. बेटं, नारळाची झाडं, निळं पाणी. जेवणाच्या टेबलावर ते पसरून म्हणायची, "आजी, बघ ना. फक्त वीस माणसं. शांत. समोर समुद्र."

"समुद्र बघायचा तर बसने एन्नोरला जा. जेवायला घरी येता येईल."

"अय्यो आजी, तिथे धुरांडी आहेत!"

नवरामुलगा तिच्याच ऑफिसातला, तमिळ, घरचे समजूतदार. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की अग्नी हवा, बाकी तुम्ही ठरवा. ते मलाही पटलं. म्हणून कुठलाही कागद पुढे आला की मी विचारायची, "होम कुठे पेटवणार?" बालीच्या हॉटेलाने कळवलं की आग चालणार नाही, पण सुंदर मेणबत्त्या लावून देऊ.

"मेणबत्तीभोवती सप्तपदी?" मी म्हटलं. "वीज गेली की काय लग्नात?"

सून हसली. ती या सगळ्यात फारसं बोलत नव्हती. बँकेतून यायची, कुकर लावायची, कागद बाजूला सारून ताटं मांडायची. नातीने काही विचारलं तर म्हणायची, "तुला आवडेल तिथे कर. कन्यादान काय, थोरले भाऊजी आणि जाऊबाई करतील." हे ती भाजीत मीठ घातलंय असं सांगावं तितक्या सहज म्हणायची.

एका दुपारी नात गॅलरीत फोनवर होती. मलेशियातल्या कुणा गुरुजींशी तमिळमध्ये बोलत होती. मी आत वाल सोलत होते. तिला वाटलं असेल, आजीला ऐकू येत नाही. माझे कान चांगले आहेत, गुडघे वाईट आहेत. ती म्हणत होती, अप्पा नाहीत, अम्माच बसणार, एकटी, चालेल का? मग बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली. मग फोन बंद करून आत आली आणि म्हणाली, "मलेशिया नको. तिथलं हॉटेल छान नाही."

"हॉटेल छान नाही की गुरुजी?"

ती खुर्चीवर बसली. वालाची एक शेंग उचलून उगाच सोलायला लागली.

"इथे लग्न केलं तर आई खांबामागे उभी राहील," ती म्हणाली. "काका-काकू पाटावर बसतील. सगळे म्हणतील असंच असतं. मला तसं नकोय, आजी. मला तिने द्यायला हवंय."

म्हणजे समुद्रबिमुद्र काही नव्हतं. पोरगी असं एक ठिकाण शोधत होती जिथे तिच्या आईला पाटावर बसता येईल.

मला त्यात रडू वगैरे आलं नाही. पण वाल तसेच राहिले. माझा धाकटा मुलगा गिंडीतल्या एका लहान कारखान्यात होता. नात तिसरीत असताना तो तापाने गेला. सुनेचे भाऊ सोलापूरहून तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, "मुलीची शाळा इथे आहे आणि आई इथे आहेत." आई म्हणजे मी. त्यानंतर तिने बँकेची परीक्षा दिली, मुलगी वाढवली, माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आणले, आणि कधी उपकार म्हणून बोलून दाखवलं नाही. मी पण कधी तिला बरं म्हटलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

त्या रात्री जेवताना मी नातीला म्हटलं, "आणखी कुठलं बेट आहे ते बघ."

मॉरिशस निघालं. तिथे जुनी मराठी माणसं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. हॉटेलवाल्यांनी तिथल्याच एका मराठी गुरुजींचा नंबर दिला. नातीने फोनचा आवाज मोठा करून माझ्यापुढे ठेवला. त्यांचं मराठी जपून बोललेलं, पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या कपबशीसारखं.

मी सरळ विचारलं, "मुलीला वडील नाहीत. आई एकटी कन्यादानाला बसेल. तुमची ना आहे का?"

"आई आहे ना?" ते म्हणाले. "मग दुसरं कोण बसणार? फक्त सकाळी लवकर करू. दुपारी वारा सुटतो, होम पेटत नाही. आणि आजी, तुम्ही पण या. मला मराठी बोलायला माणूस मिळेल."

मी त्या माणसाचे उपकार आजही मानते. त्याने मला वाक्य दिलं. रविवारी थोरला मुलगा आणि त्याची बायको जेवायला आले, तेव्हा ते मला कामाला आलं.

थोरला म्हणाला, "तिथे कुठे काय मिळेल ते सांगता येत नाही. कन्यादानाचं सोवळं आम्ही इथूनच नेऊ."

"तू अक्षता टाक," मी म्हटलं. "हिची आई आहे ना? मग कन्यादानाला दुसरं कोण बसणार?"

सुनेच्या हातातला डाव थांबला. "आई, नको," ती म्हणाली. "भाऊजींचा मान आहे."

"लोक काय म्हणतील?" थोरला म्हणाला.

"वीस माणसं येणार. त्यातलं कोण म्हणेल ते सांग, त्याला नेत नाही."

वाईट नाही थोरला, सवयीने चालणारा आहे. तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "बरं झालं बाई. मला खाली पाटावर बसलं की उठवायला दोघं लागतात." ती खरंच तसं म्हणाली, की जावेसाठी म्हणाली, मला माहीत नाही. मी तिला दुसरी पुरणपोळी वाढली.

मग नात म्हणाली, "काका हो म्हणत असतील तर इथेच करूया का? हॉल मिळेल."

"नाही," मी म्हटलं. "मी या वयात रांगेत उभी राहून पासपोर्ट काढलाय. आता विमानात बसल्याशिवाय राहत नाही."

सुनेने मात्र अजून होकार दिला नव्हता. दोन दिवसांनी हॉटेलमधल्या बाईचा फोन आला. नात घरात नव्हती, म्हणून सुनेने घेतला. ती बँकेतलं इंग्रजी बोलत होती, ते मला थोडं कळतं. बाई विचारत होती, मुलीच्या आईवडिलांसाठी मांडवात किती जागा ठेवायच्या. भिंतीवरच्या माझ्या धाकट्याच्या फोटोकडे तिने पाहिलं की नाही, मी बघितलं नाही, मी तिच्या पाठीशी होते.

"वन," ती म्हणाली. "ओन्ली वन. फॉर मी."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

लग्न झालं. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे सकाळी. ती पिवळ्या रेशमी साडीत एकटी पाटावर बसली, ताठ, काउंटरवर बसते तशी. मुलीचा हात हातात धरून तिने पाणी सोडलं.

परत आल्यावर शेजारणी विचारायच्या, तिथला समुद्र कसा होता? हॉटेलवाल्यांनी माझी खुर्ची पाण्याकडे तोंड करून ठेवली होती. मी ती फिरवून घेतली. पाट दुसऱ्या बाजूला होता.