बिनखिळ्यांची खोली

श्यामलाबाईंच्या भाड्याच्या खोलीत घरमालकांची पाटी होती : ‘खिळे ठोकू नयेत. भिंती आमच्या आहेत.’ बाई शाळेत शिकवायच्या आणि सुट्टीत घर सजवायच्या. जुन्या साड्यांचे पडदे शिवले, मंडईतल्या फळांच्या खोक्यांची मांडणी केली, चित्रं तुळईला सुतळीनं टांगली. एकही खिळा ठोकला नाही.

एका रविवारी मालक यज्ञेश्वरराव न सांगता वर आले. पडदे उचलून, चित्रं सरकवून त्यांनी प्रत्येक भिंत चाचपली.

“झकास सजवलीत हो खोली,” ते म्हणाले. “आमच्या चिरंजीवांचं लग्न ठरलंय, त्यांना आयतीच झाली. आपण महिनाअखेर दुसरीकडे बघा.”

ते जिना उतरले. बाईंनी शेजारून हातोडी आणली आणि भिंतीच्या मधोमध पहिला खिळा ठोकला, खाली ऐकू जाईल असा.