परीक्षेच्या दाराबाहेरचे बूट

मी अमेरिकेला शिकायला निघाले तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळावर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग शेवटपर्यंत सोडली नाही. आई डोळे पुसत होती, मामा फोटो काढत होता आणि अप्पा मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात समजावत होते. "हे बघ माय, लई गोड बोलतेत ती कॉलेजची मानसं. फुकट शिकवतेत, वर खाऊ घालतेत. काहून? तू त्यांची कोण लागती?" खरं तर हाच प्रश्न मलाही पडला होता.

अप्पांचं काही चुकत नव्हतं. आमच्या गावात, शेंद्र्यात, आमचं शेत होतं तिथं आता एका कंपनीचं कुंपण आहे. जमीन मागायला आलेले दलालही 'काका, काका' करत आमच्याच ओसरीत चहा पिऊन गेले होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; अप्पा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. त्यात माझं कॉलेज असलं इपितर! ना इंजिनिअरिंग, ना मेडिकल. एकाच सेमिस्टरला इतिहास, गणित आणि मातीची भांडी. "एक काय ते ठरवा म्हनावं त्यांना," अप्पा म्हणाले होते.

अमेरिकेतल्या एका टेकडीवरचं हे कॉलेज. सगळं मिळून आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शाळेएवढी पोरं. वर्गात दहाबारा जण गोल बसायचे आणि प्रोफेसर म्हणायचे, मला नावानं हाक मारा. शहरात कोचिंगला जायचे तेव्हा सरांनी "तुला काय वाटतं?" असं विचारलं की समजायचं, आता उभं राहून बोलणी खायची. इथं दिवसभर तेच विचारायचे, आणि काहीही बोललं तरी 'इंटरेस्टिंग' म्हणायचे. माझा काही विश्वास बसेना. वाटायचं, आत्ता गोड बोलतायत, सेमिस्टरच्या शेवटी सगळं वसूल करतील.

डिसेंबरात इतिहासाची परीक्षा आली. बाहेर बर्फ साचलेला. मी इमारतीच्या दाराशीच बूट-मोजे काढले, बारावीला काढायचो तसे. मोज्यात चिठ्ठी सापडली की भरारी पथक वर्ष घालवतं, हे आपल्याकडं शेंबडं पोरगंही जाणतं. बाकीची पोरं बूट वाजवत खुशाल आत आली. माझ्या उघड्या पायांकडं सगळ्यांनी बघितलं. प्रोफेसरांनी पेपर वाटले, माझ्या पायांकडं एकदा बघितलं आणि 'झालं की टेबलावर ठेवून जा' असं सांगून चक्क निघून गेले. पर्यवेक्षक नाही, शिपाई नाही. हा सापळाच, मी मनात म्हटलं. छताला धूर ओळखायचं यंत्र होतं, त्यात कॅमेरा असणार अशी माझी खात्री. मान वर न करता पेपर लिहिला. पाय पार बधिर झाले.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांचा ईमेल आला, 'ऑफिसात येऊन भेट.' झालं, म्हटलं. आपल्याकडं सर केबिनमध्ये बोलावतात ते काय आरती ओवाळायला? स्कॉलरशिप जाणार, मी शेंद्र्याला परत, आणि गावभर बोभाटा की अमेरिकेत कॉपी करताना सापडली. अप्पांना फोन लावला, सगळं सांगितलं.

"खरं सांग. केली व्हती का?"

"नाय अप्पा."

"मंग ताठ मानंनं जा."

गेले. टेबलावर एक खोका होता, त्यात बर्फात घालायचे नवेकोरे बूट. प्रोफेसर अवघडून म्हणाले, "काही कमी पडत असेल तर सांगायला लाजू नकोस." मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. माझे चांगले बूट होते हो, अप्पांनी दहा दुकानं हिंडून घेतलेले! मग मी पथक, मोजे, चिठ्ठ्या, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तिथं तुमच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता?" हे त्यांनी इतक्या कळवळ्यानं विचारलं की मला रागच आला. आमच्याकडं निदान तपासून तरी सोडतात. यांनी तर न विचारताच ठरवून टाकलं होतं की माझ्याकडं बूटच नाहीत. थँक यू म्हटलं आणि खोका तिथंच ठेवून आले.

"घेतले नाहीस ना?" सगळं सांगितल्यावर अप्पांनी फोनवर पहिलं तेच विचारलं. नाय म्हटल्यावर सुस्कारा सोडला. मग म्हणाले, "पाय लई गारठले का गं?" तेव्हा मात्र मला रडू आलं.

आता तिसरं वर्ष आहे. त्याच प्रोफेसरांना मी नावानं हाक मारते, वर्गात त्यांच्याशी वादही घालते. माणूस वाईट नाही. तरी कोणी फार गोड वागलं की माझा हात अजून आखडतो, आणि ही खोड जाईल असं वाटत नाही.

तिकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं इकडं आलेल्यांनो, घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी शेंद्राच सांगते, तिथं आमचं शेत उरलेलं नसलं तरी. इथं सगळ्यांनी मला न विचारताच माझ्यावर विश्वास ठेवला. अप्पांनी विचारलं, आणि माझं एक 'नाय' त्यांना पुरलं.