फोन मुका होता ती दुपार

आमची वस्ती नेवाशाच्या अलीकडं, प्रवरेच्या काठाला, गावापासून दोन किलोमीटर आत. जमीन नदीकडं उतरती असल्यानं घरात मोबाईलला रेंज येत नाही. बोलायचं तर बांधावरच्या लिंबापर्यंत चालत जावं लागतं. म्हणून माझ्या लहानपणापासून घरात तारेचा फोन होता. मी नागापूरच्या एका कारखान्यात लागलो आणि नगरला राहायला गेलो, त्यानंतर आईवडिलांची खुशाली कळायची ती त्याच फोनवरून.

आईला डोळ्यांनी कमी दिसतं. मोबाईलच्या काचेवर बोट कुठं टेकवायचं हे तिला कधी उमगलं नाही. फोनची बटणं मात्र तिच्या बोटांना पाठ होती. माझा नंबर आणि ॲम्ब्युलन्सचा एकशे आठ, हे दोन्ही ती न बघता लावायची.

मग एका वर्षी ती तार तुटली आणि जोडायला कुणी आलंच नाही. पुढं गावात इंटरनेटची केबल आली, तेव्हा मी त्यावर चालणारा फोन वस्तीवर बसवून घेतला. भिंतीला एक डबी, तिच्यावर हिरवे दिवे, आणि डबीला जोडलेला साधा बटणांचा फोन. बसवणारा माणूस जाताना म्हणाला, "हा विजेवर चालतो बरं का. लाईट गेली की फोन बंद. डबीला एक छोटी बॅटरी जोडून घ्या."

"पुढच्या सुट्टीला आणतो," मी म्हणालो.

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. आमच्याकडं लाईट किती जाते हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मी फोन करायचो संध्याकाळी, लाईट असायची तेव्हा. फोन लागायचा, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटायचं.

त्या दिवशी दुपारी वडील जेवून बाजेवर बसले होते. आईनं पाणी पुढं केलं तर तांब्या त्यांच्या हातातून निसटला. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण शब्द कळेना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आईनं त्यांना आडवं केलं आणि फोनकडं धावली.

फोनमध्ये काहीच आवाज नव्हता. लाईट सकाळीच गेली होती. लाईटचा आणि फोनचा संबंध तिला ठाऊक नव्हता, कारण जुना फोन कितीही अंधार असला तरी चालायचा. तिला वाटलं, आपलंच बटण चुकतंय. तिनं फोन ठेवला, उचलला, पुन्हा एक-शून्य-आठ दाबलं. पदरानं बटणं पुसली आणि परत दाबलं. मग माझा नंबर लावून बघितला. किती वेळ गेला हे तिला आजही सांगता येत नाही.

शेवटी ती बाहेर पळाली. शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. टोळी पाथर्डीकडची. मोळ्या बांधणाऱ्या एका बाईला आईनं कसंबसं सांगितलं. त्या बाईच्या ओच्यात मोबाईल होता, पण खालच्या अंगाला रेंज मिळेना. तशी ती उसानं भरलेल्या ट्रॉलीवर चढली आणि वर उभी राहून तिनं एकशे आठ लावला.

"मावशी, पत्ता इचारत्यात. मी परक्या गावची, तुमीच सांगा," म्हणून तिनं मोबाईलचा आवाज मोठा केला आणि हात खाली धरला. आई खालून ओरडून पत्ता सांगत राहिली. गाव, कालव्याचा पूल, पुलावरून डाव्या हाताला. मग ती बाई घरात आली, वडिलांना तिनं कुशीवर वळवलं आणि गाडी येईपर्यंत वारा घालत बसून राहिली. तिच्याच मोबाईलवरून मला निरोप गेला.

नगरच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा वडील शुद्धीवर होते. जिवाचा धोका टळला. आता ते काठीनं अंगणात फिरतात. पण बोलणं गेलं. "व्हय" एवढा एकच शब्द राहिला आहे, आणि नाही म्हणायचं असलं तरी त्यांच्या तोंडून तोच येतो. मग ते स्वतःवरच चिडतात.

"झटका आल्यावर जितकं लवकर आणाल तितकं बरं असतं," डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी मला दोष दिला नाही. लवकर आणलं असतं तर काय झालं असतं हे मी विचारलं नाही.

माझे वडील फोनवर फार बोलायचे. नदीला पाणी सोडलं का, कुणाचं लग्न ठरलं, कोणत्या वाफ्यात मेथी टाकली. मी कामावरून दमून आलेलो असायचो. "बरं, ठेवू का?" मीच म्हणायचो. तो आवाज आता कुठं मिळावा? मी माझा अख्खा मोबाईल धुंडाळला. सापडला तो वासराचा एक व्हिडिओ. त्यात वडील दिसत नाहीत, फक्त मागून ऐकू येतं, "सर मागं, सर. आईला पाणी पिऊ दे." जेमतेम काही सेकंद. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी तेवढंच कानाला लावून ऐकतो.

दवाखान्यातून घरी आल्यावर कितीतरी दिवस आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मलाच फोन लावता आला न्हाई. हातपाय गळाले, बटनं चुकली." मी तिथंच बसून ऐकत असायचो. मग एकदा ती चूल सारवत असताना मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आई, तुझं काही चुकलं नव्हतं. लाईट गेली की तो फोन बंदच पडतो. मला सांगितलं होतं त्यानं. बॅटरी मीच आणली नाही."

तिचा हात थांबला.

"म्हंजी मी बरूबर लावत हुते?"

"अगदी बरोबर."

तिनं पोतेरं पाण्यात बुडवून पिळलं. मग म्हणाली, "लई बरं झालं सांगितलंस," आणि पुन्हा सारवायला लागली. तिनं मला रागवावं असं फार वाटलं. ती रागावली नाही.

बॅटरी मी त्याच आठवड्यात बसवली. आईचा हात धरून तिला डबी आणि बॅटरी चाचपायला लावली, घरातली लाईट बंद केली आणि तिला माझा नंबर लावायला सांगून बांधावरच्या लिंबाखाली जाऊन थांबलो. लागला.

त्या बाईला भेटायला गेलो तर टोळी पुढच्या गावाला निघून गेली होती. रानात त्यांच्या झोपड्यांच्या, कोप्यांच्या जागी वाळकं पाचट आणि तीन दगडांच्या चुली होत्या. टोळीच्या मुकादमाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, बाया पुष्कळ असतात, कोणती म्हणून सांगू? निरोप आलेला तिचा नंबर लावला तर तो बंद लागत होता. आजही अधूनमधून लावतो.

यंदा ऊसतोड सुरू झाली तेव्हा वेगळीच टोळी आली. आई डोक्यावर पदर घेऊन रानात गेली आणि एकेका बाईच्या अगदी जवळ जाऊन, तोंड न्याहाळत, गेल्या वर्षीच्या त्या बाईविषयी विचारत राहिली. परतली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो.

"तिचं नाव तरी इचारायला पायजे हुतं रं," ती म्हणाली.