शेजारच्या एकोणीस मांजरी

आमच्या शेजाऱ्याचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मोठी चूक माझी आहे, आणि तरीही तो राग गेलेला नाही.

डोणगावात आम्ही घर बांधलं तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. शेजारी एक निवृत्त बेलीफ राहायचे. कोर्टाच्या नोटिसा दारोदार वाटण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दोन खोल्या, पुढे टिनाचं शेड आणि आमच्या-त्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. तेव्हा त्यांच्याकडे दोन मांजरी होत्या. आमच्याकडे तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पोत्यांना उंदीर लागलेले, म्हणून मीच त्या मांजरींना दूध घालायची. सासूबाई म्हणायच्या, "घाल माय, तेवढीच राखण होते."

चार वर्षांत त्या दोनाच्या एकोणीस झाल्या. हा आकडा माझा नाही, त्यांचाच. कोणी विचारलं की ते पोरं सांगावी तसं सांगायचे, "एकोणीस हायत. एक बोका कधी येते, कधी नाई येत, त्याले मी धरत नाई." बाजाराच्या दिवशी ते मच्छीवाल्याकडून मुंडकी आणत आणि शेडमध्ये चुलीवर शिजवत. तो वास आमच्या देवघरापर्यंत यायचा. पण वासाचं एकवेळ सोडा. आमच्या दारातली रांगोळी, गाडीची सीट, वाळत घातलेली लुगडी, काही म्हणता काही त्या मांजरींनी सोडलं नव्हतं.

पहिलं भांडण कुरड्यांवरून झालं. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून सासूबाईंनी आणि मी पहाटेपासून सोऱ्यातून कुरड्या पाडल्या होत्या. गच्चीवर दोन धोतरं भरून पांढऱ्याशुभ्र कुरड्या. दुपारी उलटायला गेले तर मधोमध दोन मांजरी लोळत होत्या आणि एका कडेला पिवळा ओलावा पसरला होता. सगळं वाळवण मी टोपल्यात भरलं, तसंच उचललं आणि भिंतीवरून त्यांच्या अंगणात ओतलं.

ते शेडमधून बाहेर आले. "हे काय करून राह्यल्या मॅडम?"

"तुमच्याच लेकरांनी नासवलं, तुम्हीच खा."

"मांजराले का समजते, हे कोनाची कुरडई हाय ते? झाकून ठेवा लागते. जाळी मिळते बाजारात."

"मी काऊन जाळी आणू? मांजरी तुमच्या आहेत."

"माह्या नाईत. मी का पेरल्या का? आपोआप आल्या, मी खायाले देतो. कायद्यानं ते पाळणं होत नाई."

हे त्यांचं नेहमीचं. कायदा. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तिथला माणूस वाचून हसला. "बाई, आमच्यानं कुत्र्यायचं होऊन नाई राह्यलं, तुमी मांजरीचं आनलं?" आठ दिवसांनी आमच्याच विरुद्ध अर्ज दाखल झाला. आमच्या मोरीचं पाणी रस्त्यावर येतं, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी. अक्षर इतकं सुंदर, की शाळेत फळ्यावर लिहायला द्यावं. मोरीचं खरं होतं. आम्हाला पाइप टाकावा लागला. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणणं सोडलं.

दुसऱ्या वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. मे महिना, शाळेला सुट्टी. नात झाली. बारसं व्हायचं होतं. एक दिवस सकाळी मुलगी न्हाणीत गेली होती, मी शेगडी फुलवत होते. आत आले तर पाळण्यात, बाळाच्या पायाशी, दुपट्यावर एक करडी मांजर गोळा होऊन झोपलेली. डोळे मिटून, अगदी हक्कानं.

मी तिला मानेला धरून ओढली. ती घाबरली, पंजा फिरला आणि बाळाच्या पोटरीवर लाल रेघ उठली. बाळ किंचाळलं. डॉक्टरांनी जखम धुतली, लस सुरू केली, काळजीचं कारण नाही म्हणाले. घरी, दारी, फोनवर मी सगळ्यांना एकच सांगितलं, मांजरीनं बाळाला बोचकारलं. मी ओढली हे कोणालाच सांगितलं नाही.

बेलीफांच्या दारात जाऊन मी तोंडाला येईल ते बोलले. गल्ली गोळा झाली. ते शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, "लेकरू बरं हाय ना? मंग झालं. पाळण्याले मच्छरदानी लावा. अन् ते करडी लेकुरवाळी हाय, ते उगीच कोनाले मारत नाई. तुमी काई केलं असंन."

खरं तेच बोलले, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं.

नवऱ्याला म्हटलं, पोत्यात भरून लांब नेऊन सोडू. त्यांनी सरळ नाही म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "मांजराचं पाप लई वाईट. मेलं तं काशीले सोन्याचं मांजर न्या लागते." मी दोघांचंही ऐकलं नाही. दोन दिवसांनी बेलीफ पेन्शनच्या कामाला मेहकरला गेले. नवरा शेतात होता, सासूबाई आणि मुलगी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी सुकट आणली, मागच्या अंगणात टाकली आणि जी येईल तिला पोत्यात घालत गेले. हात कोपरापर्यंत सोलून निघाले. सात सापडल्या. करडी सर्वांत शेवटी आली, कारण मी तिच्यासाठी थांबले होते. दोन पोती, तोंडं सुतळीनं आवळलेली, स्कूटीवर पायाशी ठेवली आणि वाशीमच्या बाजूला निघाले.

भर दुपार होती. डांबर मऊ झालं होतं. सुरुवातीला पोती नुसती उसळत होती, आतून आवाज येत होता. दहा-बारा किलोमीटरवर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात थांबले तेव्हा एका पोत्यातली हालचाल मंदावली होती. पहिलं पोतं सोडलं, चार मांजरी बाणासारख्या पळाल्या. दुसरं सोडलं. दोन लटपटत बाहेर आल्या आणि भिंतीच्या सावलीत पडून धापा टाकू लागल्या. तिसरी आली नाही. पोतं उलटं केलं तेव्हा करडी बाहेर पडली. जीभ बाहेर आलेली, अंग अजून गरम.

माझ्याजवळ पाण्याची बाटली होती. तिच्या तोंडावर पाणी ओतलं. काही झालं नाही. उरलेलं पाणी छपरावरून पडलेल्या एका फुटक्या कवेलूत त्या दोघींसाठी ठेवलं, करडीवर विटा रचल्या आणि परत आले. वाटेत मला रडू आलं नाही. मला घाई झाली होती, बाळाच्या संध्याकाळच्या शेकाची वेळ टळत होती.

संध्याकाळपासून भिंतीपलीकडे पिल्लं ओरडायला लागली. लेकुरवाळी म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. शेडमध्ये खोक्यात तिची चार पिल्लं होती, डोळेही नीट न उघडलेली. बेलीफ परत आल्यावर आधी "मनी, मनी" करत अंगणभर फिरले, मग गल्लीभर. दुसऱ्या दिवशी ते कापसाच्या बोळ्यानं पिल्लांना दूध पाजताना दिसले. तिसऱ्या दिवशी दोनच पिल्लं ओरडत होती.

माझी मुलगी बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. माझ्या हातांवरच्या जखमांकडे बघत तिनं विचारलं, "आई, तू नेली का त्यायच्या मायले?"

"मी कशाला नेऊ?"

"मंग हाताले काय झालं?"

"बोरीचे काटे लागले."

बारसं झाल्याबरोबर तिनं नवऱ्याला बोलावून घेतलं. सव्वा महिना राहायचं ठरलं होतं. जाताना म्हणाली, "मले इथं झोप नाई लागत." सासूबाईंना वाटलं, उकाड्यामुळे.

बेलीफांनी पोलिसांत अर्ज दिला. एक जमादार आला, चहा प्याला, "मांजरायचं तुमाले काही माहीत हाय का?" विचारलं. मी नाही म्हटलं. तो गेल्यावर बेलीफ भिंतीपाशी आले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कायदा नव्हता.

"मॅडम, बाकीच्या सोडल्या तं सोडल्या. करडी कुठी हाय तेवढं सांगा. मी जाऊन आनतो. पिल्लू हाय एक अजून."

मी सांगू शकले असते. मेली म्हणून सांगितलं असतं तर त्या माणसाचं उन्हात गावोगाव फिरणं थांबलं असतं. मी म्हणाले, "मला काय माहीत? तुमच्या नाहीत ना त्या? आपोआप आल्या, आपोआप गेल्या."

ते आत गेले. पुढे पंधरा दिवस ते सायकलवर पिशवी अडकवून सकाळीच निघायचे. त्या जिनिंगपर्यंत पोचले की नाही, ठाऊक नाही. एक पांढरी मांजर मात्र त्यांनी परत आणली.

आता पुन्हा चौदा-पंधरा झाल्या आहेत. वास तोच, घाण तीच. गच्चीला मी जाळी मारून घेतली. माझी मुलगी येते, पण दिवसाची येते आणि दिवसाच जाते. मागच्या महिन्यात बेलीफांनी न विचारता मधल्या भिंतीवर विटांचे आठ थर चढवले. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण झाकली गेली. नवरा म्हणाला, हे बेकायदा आहे, अर्ज देऊ. मी नको म्हटलं. भर दुपारी दिवा लावून पोळ्या करते आणि त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालते.