थुंकीचं विष झालं कसं

आम्ही सर्पमित्र. साप पकडायला लागतो त्याहून जास्त वेळ आम्हाला नंतरच्या चहाला लागतो. किस्से साचतात ते तिथंच! त्यात आमच्या जाधव मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. साप बरणीत गेला की त्यांचं लेक्चर सुरू!

*

तीर्थपुरीजवळ एका घरात नाग निघाला. जमलेल्या बायांना मॅडम सांगू लागल्या, "विष म्हणजे सापाची बदललेली लाळच. अंगात साधी कामं करणारी जनुकं होती, त्यांच्या जास्तीच्या प्रती निघाल्या. मूळ प्रत आपलं काम करत राहिली, दुसरी बदलत बदलत विषारी झाली."

एक आजी म्हणाल्या, "बराबर हाय. माझी जाऊबी आधी साधंच बोलायची!"

जाऊ शेजारीच उभी होती. नाग घेऊन आम्ही जल्दी निघालो!

*

राजूरकडच्या एका शाळेत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आधी विष आलं का आधी विषाचे दात?"

मॅडम म्हणाल्या, "यावर शास्त्रज्ञांचाच अजून वाद चालू आहे."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग हे परीक्षेला न्हाई!"

*

सिद्धार्थ इलेक्ट्रिशियन. आमच्यात सगळ्यात सफाईदार हात त्याचा. बदनापूरच्या एका शेतात घोणस पिशवीत घालताना ती त्याच्या बोटाला चावली. जालन्याला दवाखान्यात पोचेस्तोवर हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ठेवलं. वीस मिनिटं झाली तरी ते गोठेचना, म्हणजे विष भिनलं होतं.

सिद्धार्थची बायको वैशाली भिंतीला टेकून उभी होती. तोंडातून शब्द नाही. सलाईनमधून प्रतिविष जात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत नव्यानं घेतलेलं रक्त गोठलं आणि मला रडूच फुटलं.

दुपारी सिद्धार्थ उठून बसला. पहिला प्रश्न काय? "मॅडम, मुंगसाच्या जनुकांत बदल झालाय, म्हणून त्याला नागाचं विष चढत न्हाई ना? मंग मी तर घोणशीचं पचवलंय. आता माझ्या पोरांनाबी चढणार न्हाई का?"

मॅडमचे डोळे चमकले. खुर्ची पुढं ओढत त्या म्हणाल्या, "फार चांगला प्रश्न! त्याचं असं आहे..."

तेवढ्यात वैशाली पहिल्यांदा बोलली.

"पोरांचं मागून बघू. तुमची साप धरायची काठी मी सकाळीच घरी जाऊन चुलीत घातली!"