अप्पांच्या रानातलं कुलूप

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. दवाखान्याचं कुलूप अजून तेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अप्पा म्हणजे माझे वडील. रेणापूर तालुक्यात, लातूर रस्त्याला लागून आमचं रान. त्यातला सगळ्यात चांगला, रस्त्याकडेचा तुकडा अप्पांनी सरकारी दवाखान्यासाठी फुकट दिला.

कारण आई. तिला दम्याचा अटॅक आला आणि लातूरला नेताना ती जीपमध्येच गेली.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, बहुतेक आपल्याच रानात. आईची समाधी त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात आहे.

दानपत्रावर सही करताना अप्पांची अट एकच होती. "तेवढा कोपरा आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. बाकी सगळं न्या."

सही घ्यायला आलेल्या साहेबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात या लोकांचा हात कोणी धरू शकत नाही.

मग नकाशा आला. कुठल्या तरी एसी ऑफिसात बसून काढलेला, सगळीकडे चालणारा. कोपरा सोडायचा तर भिंत वळवावी लागणार होती, आणि नकाशात भिंत सरळ होती.

म्हणून भिंत सरळ गेली. आई कंपाऊंडच्या आत.

अप्पांनी इंजिनियर साहेबांना गाठलं. "साहेब, माझी बायको आत गेली की."

"काका, स्टँडर्ड डिझाईन आहे. कोपरे बसत नाहीत त्यात."

"बरं," अप्पा म्हणाले. "दवाखाना तर व्हायलाय ना. ऱ्हाऊ द्या तिला आत. पेशंटला सोबत होईल."

अप्पांच्या या चांगुलपणाचा मला तेव्हाही राग यायचा. आजही येतो.

बिल्डिंग झाली. पुढाऱ्याची गाडी उन्हात उभी राहू नये एवढा मोठा पोर्च. समोर ग्रॅनाइट. व्हीआयपी रूमला फॉल्स सीलिंग.

पाण्याची लाईन नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही, साधा शिपाई नाही.

तरी फीत कापली. बँड होता, फेटे होते. कोनशिलेवर नावांची इतकी गर्दी की दवाखान्याचं नाव खाली बारीक अक्षरात घ्यावं लागलं. अप्पांनाही फेटा बांधला. फोटोत ते कडेला अर्धे आलेत.

सगळे जेवून गेले आणि बिल्डिंग बांधणाऱ्या गुत्तेदारानं गेटला कुलूप लावलं.

अप्पा विचारायला लातूरच्या ऑफिसात आले. मी लातूरलाच राहते, म्हणून सोबत गेले.

"बिल्डिंगचा पैसा एका हेडमधून येतो, काका. स्टाफची पदं दुसरीकडून मंजूर होतात. मशिनरी तिसरीकडून."

"मंग तिन्ही एका टायमाला का मागितले न्हाईत?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "तशी पद्धत नाही."

आमच्या गावातला माणूस साधा गोठा बांधतो ना, तरी आधी पाण्याचं बघतो. यांनी एवढा दवाखाना बांधला आणि आत माणसं लागतात हे यांना नंतर आठवलं. याला हे लोक नियोजन म्हणतात. त्याच्यावर मीटिंगा घेतात. काजू खातात.

पुढे तर आणखी मजा. बांधकामवाले म्हणायचे, ताबा घ्या. आरोग्यवाले म्हणायचे, पाणी नाही, ताबा घेणार नाही. चावी राहिली गुत्तेदाराकडे.

अप्पा रोज संध्याकाळी तिथपर्यंत चालत जायचे. भिंतीवरूनच आईला हात जोडायचे. खिडकीतून उद्घाटनापुरते आणून ठेवलेले बेड दिसायचे, प्लास्टिकसुद्धा न काढलेले.

"गाद्या लई चांगल्या हायत," मला फोनवर सांगायचे.

मागच्या वर्षी मी सुट्टीला गावी होते. दुपारी जेवण झालं आणि अप्पांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स आली, उशिरा पण आली. मी आत त्यांच्याजवळ बसले.

रस्ता दवाखान्यासमोरूनच जातो. काचेतून त्यांना तो पोर्च दिसला.

"हितंच थांबवा की," ते म्हणाले.

"अप्पा, ते चालू नाही."

"हाव. इसरलो."

एवढंच शेवटचं बोलणं. लातूर यायच्या आधी अप्पा गेले. आई गेली त्याच रस्त्यावर.

त्यांना आईशेजारीच ठेवायचं होतं. विमानात, म्हणजे आमच्यात तिरडीऐवजी सजवतात त्या पालखीत बसवून, सगळा गाव मागे घेऊन आम्ही त्या गेटपाशी आलो. कुलूप.

भावानं गुत्तेदाराला फोन लावला. त्याचा माणूस मोटरसायकलवर चावी घेऊन आला आणि गाडीवरूनच म्हणाला, "लेखी परमिशन हाय का? बिल्डिंगचा ताबा न्हाई झाला आजून."

भावानं विमानाकडे बोट केलं. "ह्यांचंच रान हाय. ह्यांनाच इचार."

त्यानं खाली मान घालून कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या ऑफिसातले साहेब हार घेऊन आले. भूदाते म्हणाले, दूरदृष्टी म्हणाले, त्यांच्या स्वप्नातली वास्तू म्हणाले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्या दवाखान्यात तरी कुठे आहे?

आज सकाळी फुलं वाहायला पुन्हा चावी मागून आणली. पोर्चमध्ये शेळ्या बसलेल्या. बेडवरचं प्लास्टिक तसंच.

नांदेडकडची एक मैत्रीण सांगत होती, त्यांच्या गावातही दवाखान्यासाठी जागा शोधायलेत. नकाशा तयार आहे म्हणे. तिकडे कोणाचे अप्पा रान द्यायला निघाले असतील तर त्यांचा हात धरा. आधी डॉक्टर दाखवा म्हणावं, मग सही.

आमच्या दवाखान्यात आजवर दाखल झालेला माणूस एकच. ज्याचं रान होतं तो.

आईशेजारी निवांत बसा, अप्पा.

दवाखाना चालू झाला की सांगायला येते. चावी मिळाली तर.