बाईंनी राखलेलं ऊन

बाईंची खुर्ची कधी एका जागी राहिली नाही. सकाळी ती मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी असायची, नंतर पाण्याच्या टाकीजवळ आणि दुपार कलली की आवारातल्या मागच्या कोपऱ्यात. ऊन सरकेल तशी बाई ती ओढत नेत. शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण साऱ्या इमारतीच्या त्या बाईच राहिल्या.

एखाद्या पोराने 'धूप' म्हटलं की बाई त्याला थांबवत. 'उष्ण'चं प्राकृतात 'उण्ह' झालं आणि आपल्या आज्यांच्या तोंडी झिजत 'ऊन' राहिलं, असं सांगत. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला उन्हवरे का म्हणतात, वाफाळता भात 'ऊन भात' कसा, हेही ओघाने येई. शेवट ठरलेला असे. "म्हणजे ऊन हे दिसण्याचं नावच नव्हे रे. अंगाला लागण्याचं आहे." मी तेव्हा सेक्रेटरी. मान डोलवून सटकायचो.

मग पुनर्विकास आला. नकाशात मागच्या कोपऱ्यावर गाड्यांचा टॉवर होता. बदल्यात ज्येष्ठांना काचेची एसी खोली. तिथे भरपूर सूर्यप्रकाश येईल, असं बिल्डर म्हणाला. बाई एकट्या अडून बसल्या. वाळवणं कुठे घालायची आणि थंडीत म्हाताऱ्यांनी सांधे कुठे शेकायचे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी बिल्डरला बाजूला घेऊन म्हटलं, म्हातारीचं मनावर घेऊ नका, मी बघतो. ते वाक्य मला अजून टोचतं.

चैत्रात बाईंनी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. एक ताट कोपऱ्यात ठेवलं. दुसरं बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, एसीत, बंद काचेमागे. त्याने हसत परवानगी दिली होती. नकाशावर मत घ्यायच्या सभेच्या दिवशी त्यांनी दोन्हीकडच्या पापड्या तळून आणल्या आणि पहिली बिल्डरच्या हातावर ठेवली. काचेमागची पापडी नीट वाळली नव्हती, त्यामुळे फुललीच नव्हती. ती त्याच्या दाढेत अशी चिकटली की त्याला बोलता येईना.

"चावा शेट, तुमच्याच फ्लॅटमधली आहे," मागून सावंतवहिनी म्हणाल्या.

मग बाईंनी कोपऱ्यातली दिली. ती तळहाताएवढी फुलली होती आणि जिभेवर ठेवताच विरली. पुढच्या रांगेत ताट फिरलं, मागच्या रांगेतले उठून पुढे आले.

"आम्ही त्या कोपऱ्यात बसून ऊन खातो," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता उजेड खाऊन बघितलात. कसा लागला?"

सभागृह हसत होतं आणि हसता हसताच कोपरा राखायला हात वर झाले. जादा पार्किंग मागणाऱ्यांचेसुद्धा. टॉवर उत्तरेच्या भिंतीकडे गेला, कोपरा उघडा राहिला.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला शाल-श्रीफळ मात्र मला मिळालं. माझ्या पाठपुराव्याने हे झालं, असं मी माइकवर बोललो. कोपऱ्यातल्या भिंतीवर तशी पाटीही लागली. पहिल्या रांगेत बसून बाई टाळ्या वाजवत होत्या. नंतर त्यांच्यासमोर उभं राहायला लाज वाटली, तर त्याच म्हणाल्या, "कोपरा मिळाला ना? मग शाल तूच ठेव. मला उन्हात कशाला लागते?"

त्या कोपऱ्यात काही हिवाळे काढून बाई गेल्या. परवाच्या वार्षिक सभेत मी उभं राहून सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नावाची पाटी उतरवून घेतली.

आज दुपार कलल्यावर तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. तिसऱ्या मजल्यावरून एक आई मुलीला दूध प्यायला वर बोलावत होती. माझ्या शेजारी मांडी घालून बसलेली ती चिमुरडी जागची हलली नाही.

"थांब ना मम्मी," ती ओरडली, "ऊन खातेय."